भाऊजींच्या कॉम्प्युटरवर ताईचं खातं

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, उभं आयुष्य एका छापखान्यात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करत होते. शाळेची पुस्तकं, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली माहितीपत्रकं, कारखान्यांचे अहवाल, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. कुठलंही छापील पान हातात आलं की ते आधी वाचायचे नाहीत, आधी समास बघायचे. "डावीकडे जरा जास्तच सोडलाय," असं म्हणायचे आणि मग मजकुराकडे वळायचे.

छापखाना सोडल्यावर त्यांचं सगळं जग घरातल्या लहान खोलीत आलं. तिथला कॉम्प्युटर त्यांनी सुटे भाग आणून स्वतः जोडला होता. मागच्या प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी लावून तिचं नाव लिहिलं होतं. वरची कापडी खोळ ताईनं शिवून दिली होती, पण ती काढायची ती भाऊजींनीच. धूळसुद्धा ते स्वतःच मऊ ब्रशनं झटकायचे. इमारतीत कुणाचं काही अडलं की लोक "काका आहेत का?" म्हणत दारात यायचे, आणि काका चष्मा पुसत बाहेर यायचे. ताई हॉस्पिटलात नर्स होती, माणसांची नस तिला बरोबर सापडायची. कॉम्प्युटर मात्र भाऊजींचा. घरात हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं.

मग त्या कॉम्प्युटरची सिस्टिम जुनी झाली. आधी पडद्याच्या कोपऱ्यात सूचना यायला लागल्या, पुढे बँकेचं पान उघडेना. भाऊजींनी जमेल तितके दिवस दुर्लक्ष केलं. "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" शेवटी लेकीनं परगावाहून फोनवर खूप खनपटीला बसून त्यांना तयार केलं, आणि एका सकाळी त्यांनी स्वतःच नवी सिस्टिम टाकायला घेतली. निम्म्यावर जाऊन मशीन अडकलं. चालू व्हायचं, गोल फिरायचं, बंद व्हायचं, पुन्हा चालू व्हायचं. भाऊजी त्याच्यासमोर जेवणसुद्धा विसरून बसले. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी ताईनं त्यांना न विचारता कोपऱ्यावरच्या दुकानातल्या दुरुस्तीवालीला बोलावलं.

दुरुस्तीवाली तिशीतली बाई होती, दुकान तिचं स्वतःचं. कामात चोख आणि तोंडानं मोकळी. भाऊजी पूर्ण वेळ तिच्या मागे हाताची घडी घालून उभे होते. तिनं झाकण काढलं, आत बघितलं आणि म्हणाली, "काका, मशीन किती स्वच्छ ठेवलंय तुम्ही. मेमरी तेवढी कमी पडतेय." चांगलंच बोलली, पण भाऊजींना ते टोमण्यासारखं लागलं. मेमरी कमी पडतेय हे आपल्या लक्षात यायला हवं होतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

तिनं मेमरी वाढवली आणि दुपारपर्यंत नवी सिस्टिम चढली. सगळं स्वच्छ, मोठ्या अक्षरांचं. जाता जाता तिनं सहज विचारलं, "काकू, तुमचंही खातं उघडून देऊ? म्हणजे तुमचं तुमचं वेगळं राहील."

भाऊजी म्हणणार होते की तिला काय करायचंय. त्याआधी ताई म्हणाली, "दे ना."

त्या दिवसापासून मशीन चालू केलं की पडद्यावर दोन गोल दिसायला लागले. एकात भाऊजींचं नाव, दुसऱ्यात ताईचं. भाऊजींनी मला फोन करून सांगितलं ते असं, जणू घरात भाडेकरू ठेवलाय.

खरी गंमत पुढे झाली. भाऊजी ज्या प्रोग्रामात पानं लावायचे, तो नव्या सिस्टिमवर चालेना. जुने फॉन्ट उघडले की अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. सगळी बटणं हललेली. इतक्या वर्षांची बोटांची सवय, डोळे मिटूनही बोटं जिथं जायची तिथं आता काहीच नव्हतं. आणि ताईला कुठलीच जुनी सवय नव्हती. ती आपली कोऱ्या मनानं बसली आणि भराभर शिकत गेली.

तिला विणकामाचं वेड. नर्सची नोकरी संपल्यापासून हातातल्या सुया खाली ठेवलेल्या मी फारशा बघितल्या नाहीत. दुरुस्तीवालीनं तिला चौकटींच्या तक्त्याचा प्रोग्राम उघडून दाखवला होता. ताईच्या डोक्यात लगेच आलं, की एक चौकट म्हणजे एक टाका. सुलट टाक्याची चौकट पांढरी ठेवायची, उलट टाक्याची रंगवायची, वेणी वळवायची असेल तिथं तिरपी रेघ. बघता बघता पडद्यावर अख्खी नक्षी उभी राहायची. तिनं ती आधीच्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणींना पाठवली, त्यांनी त्यांच्या बहिणींना. मग अनोळखी बायका लिहायला लागल्या. लहान मुलांच्या मोज्यांसाठी काही आहे का? गळा गोल कसा घ्यायचा?

दुपारी लहान खोलीतून हसण्याचे आवाज यायचे. ताई दुरुस्तीवालीशी फोनवर बोलत असायची. भाऊजी स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास हातात धरून कानोसा घेत उभे राहायचे.

"कुणाशी बोलत होतीस?"

"अहो, तीच आपली दुरुस्तीवाली. चित्र मोठं कसं करायचं विचारत होते."

"मी घरात असताना?"

"तुम्ही पेपर वाचत होता."

पेपर बाजूला ठेवता आला असता, असं त्यांना म्हणायचं होतं. ते पुन्हा पेपर उघडून बसले. पण पोटात दुखायला लागलं होतं ते थांबेना. जिन्यात एकदा शेजारच्या बाई भेटल्या. भाऊजी सवयीनं थांबले, त्यांचा प्रिंटर बिघडला असणार म्हणून. बाई म्हणाल्या, "काकू आहेत का घरात? फोटो कसे पाठवायचे ते त्या छान सांगतात." भाऊजींनी दार उघडून दिलं आणि भाजी आणायला म्हणून निघून गेले. भाजी घरात होती.

एकदा ताई अंघोळीला गेलेली असताना त्यांनी तिचं खातं उघडायचा प्रयत्न केला. त्यांना फक्त बघायचं होतं, असं ते मला म्हणाले. पासवर्ड म्हणून लग्नाची तारीख घातली. नाही. लेकीचं लाडाचं नाव घातलं. नाही. मग जरा थांबून त्यांनी स्वतःचं नाव घातलं. तेही नव्हतं. हे सांगताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आत काय आहे ते दिसलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं नव्हतं. आपण तिथं नाही, हे लागलं होतं.

नव्या सिस्टिममध्ये एक सोय होती. ठरावीक मुदतीच्या आत मन बदललं तर जुन्या सिस्टिमवर परत जाता यायचं. भाऊजींनी ते वाचून ठेवलं होतं. मुदत संपत आली तेव्हा ताई माझ्याकडे राहायला आली होती. माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ताईशिवाय आम्हाला कुणाचा भरवसा वाटत नव्हता. घरात भाऊजी एकटे. दुपारी त्यांनी खोळ काढली आणि परत जायचं बटण दाबलं.

मशीननं एक अट घातली. नवी सिस्टिम टाकल्यानंतर उघडलेलं खातं आधी काढून टाका, मगच परत जाता येईल.

"म्हणजे मी नाही, मशीननंच सांगितलं," भाऊजी मला पुढे बरेचदा म्हणाले. पण मशीननं त्यांना आणखी एकदा विचारलं होतं, की या खात्यातली सगळी माहितीही जाईल, चालेल का? ते त्यांनी वाचलं होतं. अक्षर न् अक्षर वाचायची सवय असलेला माणूस. त्यांनी हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत जुनी सिस्टिम परत आली. जुनी बटणं जुन्या जागी. त्यांचा प्रोग्राम उघडला, फॉन्ट नीट दिसायला लागले. त्यांनी कोरं पान घेतलं, समास लावले, दोन रकाने पाडले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की लावायला मजकूरच नाही. छापखाना सोडल्यापासून कुणी त्यांना एक पानसुद्धा लावायला दिलेलं नव्हतं. ते त्या रिकाम्या रकान्यांकडे बघत बसले.

ताई घरी परत आली, चहा घेतला, आणि लहान खोलीत गेली. पडद्यावर एकच गोल होता.

"माझं कुठं गेलं?"

भाऊजी दारात उभे होते. "जुन्यावर परत यायला ते काढावं लागतं."

"आतलं सगळं?"

"तेही जातं."

ताई खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, भाऊजी म्हणतात. तिनं नर्सच्याच शांत आवाजात विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग का केलंत?"

भाऊजींनी सुरक्षिततेचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, फॉन्टचं सांगितलं, आणि मधेच थांबले. मग त्यांच्या तोंडून निघालं, "तू तिला विचारतेस. मला एकदाही विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. फार पूर्वी. मेल कशी पाठवायची ते." ताई म्हणाली. "माझा हात चुकला, तर तुम्ही माऊस काढून घेतलात आणि स्वतःच पाठवून टाकलीत. वर म्हणालात, झालं काम. तिला विचारलं की ती हात मागे घेऊन उभी राहते. किती का वेळ लागेना."

भाऊजींना ती मेल आठवत नव्हती. ताईला ती कुणाला पाठवली होती तेसुद्धा आठवत होतं.

बऱ्याचशा नक्ष्या तिनं बायकांना आधीच पाठवलेल्या होत्या, त्यांच्याकडून मागून घेता आल्या. एक मात्र गेली. लेकीसाठी स्वेटरची नक्षी करत होती, अर्धी झाली होती, कुणाला दाखवली नव्हती. ती तिनं पुन्हा कधी केली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तशी आता सुचत नाही रे."

पुढच्याच आठवड्यात ताईनं दुरुस्तीवालीकडून एक वापरलेला लॅपटॉप घेतला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. भाऊजींना विचारलं नाही, लपवलंही नाही. आता कॉम्प्युटरची खोली संपूर्णपणे भाऊजींची झाली होती आणि तिथं जाऊन बसायला त्यांना नको वाटत होतं. ते बाहेर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेपर घेऊन बसायचे आणि पेपराच्या वरून तिच्या पडद्याकडे बघायचे. कुणाचं पत्र आलं, ती कशावर हसली, सगळं त्यांच्या डोळ्यांत खुपायचं.

मी एकदा गेलो असताना मला गॅलरीत नेऊन म्हणाले, "तुझ्या बहिणीला आता शंभर ठिकाणांहून पत्रं येतात. मला विजेचं बिल येतं."

"भाऊजी, तुम्ही तिची माफी मागितलीत का?"

"मागितली."

"मग?"

"ती म्हणाली, बरं." त्यांनी कठड्यावर हात पुसला. "माफीनं जळणं थांबत नाही रे."

त्यांनी मान्य केलं, एवढंच मला तेव्हा पुष्कळ वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दुकानात जाऊन दुरुस्तीवालीला सांगितलं, की माझ्या मशीनवर नवी सिस्टिम पुन्हा टाकायची आहे, आणि मी करणार आहे, फक्त तू बाजूला उभी राहा. ती आली. अडलं तिथं तिनं बोटानं दाखवलं. भाऊजींना तिचा राग येत होता आणि ती चांगलं दाखवतेय हेही कळत होतं. त्यांचा जुना प्रोग्राम कायमचा गेला. नवा शिकायला त्यांना महिने लागले, आणि ते शिकताना त्यांनी घरात किती आदळआपट केली ते ताईलाच ठाऊक.

तोडगा निघाला तो विणकामाच्याच बाजूनं. ताईच्या नक्ष्या छापल्या की मोठी नक्षी दोन पानांवर तुटायची. एका बाईनं तक्रार लिहिली, की ओळ कुठून कुठं जोडायची ते कळत नाही, अख्खी बाही उसवावी लागली. ताईनं त्या नक्षीची छापलेली पानं भाऊजींच्या पेपरावर आणून ठेवली. "हे बघता का?"

भाऊजींनी बघितलं. पहिली गोष्ट म्हणाले, "खाली समासच नाही." मग म्हणाले, दोन्ही पानांवर ओळींना आकडे हवेत, आणि तुटतं तिथली एक ओळ दोन्हीकडे छापायला हवी. संध्याकाळपर्यंत पान तयार झालं. ताईनं ते उजेडाकडे धरून बघितलं, बोटानं ओळी मोजल्या आणि म्हणाली, "आता बाही चुकणार नाही." भाऊजी त्या रात्री नीट जेवले.

आता तिच्या सगळ्या नक्ष्यांची पानं ते लावतात. दुरुस्तीवाली अजून येते, ताईशी गप्पा मारते, आणि ती आली की भाऊजींचा आवाज आपोआप जरा कोरडा होतो. मागच्या रविवारी मी गेलो तर पुन्हा धुसफूस चाललेली. एका बाईनं पत्रात विचारलं होतं, पानं इतकी सुरेख कोण लावून देतं? ताईनं उत्तर पाठवलं होतं, "घरचेच लावतात."

"घरचे म्हणजे काय?" भाऊजी मला विचारत होते. "घरचे कुणीही असू शकतं. नाव लिहायला काय झालं होतं?"

ताई सुयांवरचे टाके मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "लिहीन हो. आधी त्या पुढच्या टोपीचं पान लावून द्या."