यंत्र खालच्या आळीत गेलं

पोफळीच्या गळलेल्या पानांपासून ताटल्या करायच्या, ही कल्पना माझी. हे मी दिवेआगरात भेटेल त्याला सांगत असे, वाण्याच्या दुकानातसुद्धा.

वादळानं वाडी आडवी केल्यावर ज्या पोफळी उरल्या, त्यांच्याकडे बघत मी दिवस काढत होते. पानाच्या बुडाशी रुंद, चिवट पट्टा असतो, त्याला आम्ही विरी म्हणतो. तो नुसता पडून कुजायचा. अशात कळलं की सरकारच्या एका योजनेतून बचत गटाला ताटल्या दाबायचं यंत्र आणि शेड मिळते. मात्र गावात एकाच गटाला. वरच्या आळीचा गट माझा, खालच्या आळीचा माझ्या धाकट्या जावेचा. तिच्या गटाचं तोवर पापडांपलीकडे काही चाललेलं नव्हतं.

मुरुडकडे एकाकडे असं यंत्र होतं. ते बघायला मी दिघीहून फेरीबोटीनं पलीकडे गेले आणि सोबत हवी म्हणून जावेलाच नेलं. केवढी हौस माझी! एवढ्याशा खाडीत तिला मळमळायला लागलं, तर मीच तिला आवळासुपारी दिली. येताना ती गप्प होती. मला वाटलं, अजून बरं वाटत नसेल. महिन्याभरात तिच्या गटानंही त्याच यंत्राची मागणी केली.

पाहणीला अलिबागहून योजनेच्या मॅडम आल्या. आधी आमच्याकडे. आम्ही पहाटेपासून उकडीचे मोदक केले होते. केळीची कोवळी पानं मांडली, वर साजूक तूप. पलीकडून करून आणलेल्या नमुन्याच्या ताटल्या कोपऱ्यात नीट रचून ठेवल्या होत्या. मॅडमनी विचारलं, "या तुम्ही स्वतः वापरता का?" आमच्यातली एक ठसक्यात म्हणाली, "छे हो! पाहुण्याला विरीवर कसं वाढायचं?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. विरीवर वाडीतल्या गड्यांना भाकरी द्यायची, मानाच्या माणसाला केळीचं पान, हे आमच्या हाडात मुरलेलं.

खालच्या आळीत जावेनं त्यांना, तिनंही पलीकडूनच करून आणलेल्या, विरीच्याच ताटलीत गरम पोहे दिले आणि विरीच्याच द्रोणात सोलकढी. मॅडमनी ताटली उलटी करून बघितली म्हणे, गळत नव्हती. यंत्र तिकडे गेलं. मोदकांची मात्र मॅडमनी फार तारीफ केली.

मी जळले. दुसरा शब्द नाही. शेड उभी राहताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं देवळात जायचे, आणि तरी मान वळवून बघायचेच. पत्रा निळा घेतला होता. मी हिरवा घेणार होते. होम-स्टेवाले तिच्या दारात ताटल्यांसाठी उभे राहायला लागले. मग माझ्या गटातली एकजण संध्याकाळी ओट्यावर येऊन बसली.

"वयनी, रागावू नका. पन तिथं रोजचं काम हाय. इथं काय हाय?"

मी म्हटलं, "जा, जा." तिच्यामागून बाकीच्याही गेल्या. पुढं आमच्या गटाची बैठक म्हणजे मी आणि माझी चटई.

तरी माझ्याकडे एक गोष्ट शिल्लक होती: जावेनं माझी कल्पना चोरली. त्यावर माझे दिवस बरे जात होते.

उद्घाटनाला नाइलाजानं गेले. मॅडम होत्या, सरपंच होते, सारी आळी होती. जावेनं माइक हातात घेतला आणि म्हणाली, "हे सगळं माझ्या वहिनींच्या डोक्यातलं. त्यांनी मला बोटीतून नेऊन यंत्र दाखवलं नसतं, तर आम्ही अजून पापडच लाटत असतो. फीत त्याच कापतील." माझ्या हातात कात्री दिली. टाळ्या वाजल्या. कापली मी फीत. फोटोत हसतेही आहे.

घरी येताना नवरा म्हणाला, "बघ, केवढं मोठं मन तिचं."

आता वाण्याच्या दुकानात सांगायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. चोरी केली म्हणावं, तर तिनं सगळ्या गावासमोर परत केली. माझ्या वाडीतल्या विऱ्या चांगल्या रुंद असतात, म्हणून ती दर आठवड्याला माणूस पाठवते, रोख भाव देते म्हणते. मी त्याला विऱ्या संपल्या म्हणून सांगते, आणि तो वळणापलीकडे गेला की त्या न्हाणीच्या चुलीत घालते.