गुणमाला अक्कांचा नियम

आमच्या गुणमाला अक्कांनी दोन वर्षांत एकवीस किलो वजन उतरवलं, आणि तेही चोरून उतरवावं लागलं. स्वतःचंच वजन!

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. घर तासगावजवळ, द्राक्षाच्या बागेत. त्यांचं वजन ब्याण्णव किलो होतं, गुडघे कुरकुरायचे, रक्तातली साखर वाढलेली. लोक म्हणायचे, खात्यापित्या घरची बाई. त्या काय खायच्या ते मला विचारा. उरलेलं खायच्या. आमच्या जैनांच्या घरात रात्रीचं शिळं सकाळी खात नाहीत. बागेतून माणसं यायला नऊ वाजायचे. सगळ्यांची जेवणं उरकली की पातेल्यातली खीर, दोन भाकऱ्या, आमटीचा तळ, सगळं अक्कांच्या पोटात. टाकलं तर माजलेली, खाल्लं तर जाडी. इकडे आड, तिकडे विहीर.

सांगलीच्या डॉक्टरांनी साधंच सांगितलं होतं. संध्याकाळी लवकर जेवा, गोड सोडा, रोज चाला. पण उपाशी मात्र राहू नका; महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ. अक्कांनी घरी येऊन हे सांगितलं, तर त्यांचे मालक, माझे थोरले दीर भूपालअण्णा, पोट धरून हसले.

"ह्या वयात नटी व्हायचं हाय व्हय गं तुला? रस्त्यानं चालत सुटलीस तर लोकं म्हनतील, भूपालच्या बायकूला घरात काम न्हाई."

मग अक्कांनी डोकं चालवलं. त्या चातुर्मासात शेजारच्या गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, एक माताजी, म्हणजे आमच्या साध्वी, मुक्कामाला होत्या. अक्कांनी त्यांच्यापुढे नियम घेतला. दोन वर्षं सूर्यास्तानंतर अन्न नाही, गूळ-साखर नाही, आणि रोज त्या बस्तीला पायी दर्शन. जाऊन येऊन सहा किलोमीटर. परत येताना माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "चंदना, डाक्टरचं कोन ऐकत न्हाई आपल्या घरात. देवाचं ऐकत्यात."

आणि ऐकलं की! सासूबाई पाच वाजताच स्वतः ताट वाढू लागल्या. लग्नात कुणी जिलेबीचा आग्रह केला तर अण्णाच मध्ये पडायचे, "नियम हाय तिचा." उरलेलं आता म्हशीला जाऊ लागलं. पंचवीस वर्षांत गोठ्यातली म्हैस कुणाला आठवली नव्हती. वजन उतरायचं ते अगदी हळूहळू, एखाद्या महिन्यात तर काहीच नाही. पण अक्कांनी चालणं सोडलं नाही. गुडघे गप्प झाले. डॉक्टरांनी गोळ्या निम्म्यावर आणल्या. बांधावरून त्या भराभर चालताना दिसल्या की मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

घोटाळा पुढे झाला. लोक त्याला तप म्हणू लागले, आणि त्या तपाचा मान अण्णा घेऊ लागले. गेल्या भाद्रपदात, आमच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वाच्या आधी, भर बैठकीत त्यांनी जाहीर करून टाकलं की आमची मंडळी यंदा दहा उपवास करणार. दहा दिवस नुसत्या पाण्यावर. फ्लेक्ससाठी फोटोसुद्धा देऊन आले. अक्कांना विचारलंच नाही.

अण्णा घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "आवं, मला गोळ्या चालू हायत. उपाशी ऱ्हायचं न्हाई म्हणून डाक्टरनं बजावलंय. म्या हे समदं गुडघ्यासाठी केलं."

अण्णा आवाजही न चढवता म्हणाले, "म्हंजे माताजींम्होरं खोटा नियम घेतलास? सांगू का बस्तीत उभा ऱ्हाऊन?"

माताजी असत्या तर त्यांनीच अण्णांना झापलं असतं. जबरदस्तीचा उपवास त्यांना कधीच मान्य नव्हता. पण त्या विहार करत कर्नाटकात गेल्या होत्या. मी तिथंच, स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सगळं ठाऊक असून मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला जन्मभर पुरेल.

उपवासाच्या सातव्या दिवशी अक्का चक्कर येऊन बस्तीच्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात असताना इकडे उपवास करणाऱ्यांची मिरवणूक निघालीच. सजवलेल्या ट्रॉलीत अक्कांचा फोटो ठेवला आणि शेजारी उभं राहून अण्णांनी हार घालून घेतले. सात उपवास झाले, तेही काही कमी न्हाईत, असं सगळ्यांना सांगत होते.

आता अक्का वॉकर धरून मोरीपर्यंत जातात. भेटायला येणारी प्रत्येक बाई ताकद यावी म्हणून तुपातला शिरा आणते आणि समोर बसून संपवायला लावते. नियमाची दोन वर्षं संपली, मग आता नको म्हणायला कारण काय? वजन परत पंच्याऐंशीवर गेलंय. साखरेचं तर विचारूच नका.

दिवाळीनंतर अण्णांनाही साखर निघाली. डॉक्टरांनी त्यांना तेच सांगितलं, शब्दाला शब्द. अण्णांनी नवे बूट आणले आणि दुसऱ्या दिवशी बस्तीच्या रस्त्याने चालायला लागले. वाटेत कुणी विचारलं की सांगतात, "डाक्टरनं सांगितलंय गड्या." लोक म्हणतात, "बेस केलंसा, तब्येत पयली." सासूबाई त्यांना पाच वाजता जेवायला हाक मारतात. नियम कुणी मागत नाही.

काल अक्का खिडकीशी खुर्चीत बसून त्यांच्यासाठी मेथी निवडत होत्या. अण्णा हात हलवत फाटकातून बाहेर पडले. अक्का त्यांच्याकडे बघत मला म्हणाल्या, "बघ चंदना, त्यास्नी खरं सांगून चालता येतंय."