पुढच्या दाराचा आग्रह

प्रल्हाद म्हापणकर आणि मी एकाच स्टाफरूममध्ये समोरासमोरच्या टेबलांवर बसतो. आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात मी बांधकाम शिकवते. तो शिकवतो ते असं : चाकाच्या खुर्चीतली माणसं, काठी टेकणारे म्हातारे, दृष्टी नसलेले, यांना कुणाची मिनतवारी न करता इमारतीत शिरता आलं पाहिजे, तर ती इमारत कशी हवी. शिकवतो छान. मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना जिना उतरायला लावतो, प्राचार्यांनासुद्धा एकदा खुर्चीत बसवून कॉलेजभर हिंडवलं त्याने. पण माणूस म्हणून सोबत न्यायची सोय नाही. आगाशीला माझ्या भाचीच्या लग्नात हॉलच्या दाराशीच अडून बसला आणि माझ्या भावाला वऱ्हाडासमोर सुनावलं, की हा रॅम्प नाही, घसरगुंडी आहे. भाऊ अजून विचारतो, तुझा तो घसरगुंडीवाला कसा आहे?

त्याचं एक तत्त्व आहे. अपंग माणूस पुढच्याच दाराने आत आला पाहिजे. कुठल्याशा मोठ्या हॉटेलात त्याने एका बाईंची खुर्ची भटारखान्यातून, कचऱ्याच्या डब्यांमधून आत नेताना पाहिली होती. तेव्हापासून मागचं दार म्हटलं की याचं डोकं फिरतं. मुलांना हे तत्त्व तो शपथेसारखं पाठ करायला लावतो.

दर वर्षी थंडीत तो मुलांना पापडी गावात न्यायचा. तिथे क्लेमेंटीन तुस्कानो राहते. मधुमेहात तिचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला, नवरा आधीच गेलेला, मुलगा केल्विन आखातात. घर जुनं, जोतं उंच, पुढे दगडी पायऱ्या. मुलं तिची खुर्ची मोजायची, खुर्ची वळायला जागा किती लागते ते पाहायची, पायऱ्यांची उंची घ्यायची. ती प्रत्येक बॅचला घरचा केक आणि चहा द्यायची. मग मुलं पुढच्या दारासाठी रॅम्प काढायची, प्रल्हाद मार्क द्यायचा, आणि सगळे कागद कपाटात जायचे.

यंदा मुलं अंगणात टेप घेऊन वाकलेली असताना क्लेमेंटीन मावशीने ओटीवरून विचारलं, "सर, आतापर्यंत नंबर कुणाचा आला? बांधायला कधी घेणार?"

पहिल्या वर्षी याच अंगणात मुलांना जोर यावा म्हणून प्रल्हाद बोलून गेला होता, "सगळ्यात चांगलं डिझाइन आपण खरोखर बांधू." मुलं विसरली, तोही विसरला. तिने मात्र ते धरून ठेवलं. केल्विन दर सुट्टीत गवंडी आणू का विचारायचा आणि ती म्हणायची, थांब, कॉलेजवाले बांधणार आहेत.

"घाई नाय करत सर," ती पुढे म्हणाली, "पण ग्रेसीची वाचा गेली. आता फोनवर नुसता श्वास ऐकू येतो."

ग्रेसी तिची मोठी बहीण. चर्चपलीकडच्या आळीत राहते, अंथरुणाला खिळलेली. दोघी एका गावात राहून केवळ फोनवर भेटत होत्या. शेजारी उचलून न्यायला तयार होते, पण क्लेमेंटीन मावशी कुणाला हात लावू द्यायची नाही. इस्पितळातून येताना लोकांनी तिला काखेत हात घालून उचललं होतं. पदर कुठे, साडी कुठे, सगळी आळी बघत होती. तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, यापुढे मेल्यावरच उचला.

दुसऱ्या दिवशी प्रल्हाद स्टाफरूममध्ये आला तो सरळ खुर्चीत कोसळला. झालेलं सांगून तो म्हणाला, "लतिका, मी ते घर का निवडलं ठाऊक आहे? तिथे पुढून रॅम्प बसतच नाही. फूटभर चढायला बारा फूट उतार लागतो. तिथे जोतं छातीला लागतं आणि अंगण चार ढांगांत संपतं. मुलांची कसोटी लागते म्हणून मी तिथे जात होतो. काही बांधलं जाणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. मी विचारलं, "मागून बसत नाही?"

तो म्हणाला, "बसतो."

मागे वाडीची जमीन चढत येते. स्वयंपाकघराच्या दाराशी एवढीशी पायरी. गेल्या वर्षी रचना नावाच्या मुलीने तिथेच साधा उतार काढून दाखवला होता आणि याने तिला जवळजवळ नापास केलं होतं. वर सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, तुझ्या आजीला तू मागच्या दाराने घरात घेशील का?

"मावशीला विचारलं होतंस का कधी, तिला कुठलं दार हवंय?" मी म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं तिची खुर्ची मोजली, तिला विचारायचं राहून गेलं.

शनिवारी तो मला सोबत घेऊन पापडीला गेला. एकट्याने जायची त्याची हिंमत नव्हती, हे त्यानेच कबूल केलं. क्लेमेंटीन मावशीसमोर बसून त्याने काही न लपवता सांगितलं. तिने विचारलं,

"म्हणजे नंबर काढायचाच नव्हता?"

"नव्हता."

"मग पोरं माझी खुर्ची मापत होती ती कशाला?"

"शिकायला, मावशी."

"शिकली का?"

एरवी या माणसाला प्रश्न विचारावा तर तासभर सुटका नसते. आता प्रल्हादने चाचरत एवढंच विचारलं, मागच्या दाराने उतार केला तर चालेल का.

"चालेल का काय विचारता? मागचं दार आमचं खरं दार. मासळीवाली तिथे येते, पापड-मिरच्या तिथे सुकतात, माझ्या आईचा जन्म तिथे गेला. पुढच्या दाराने इथे फादर येतात आणि पाहुणे येतात." मग तिचा आवाज चढला. "मला भाएर जायचं होतं, सर. तुम्ही दार निवडत बसलात."

दोन दिवसांत उतार उभा राहिला. विटा-सिमेंटचं मी बघितलं, माप रचनाचंच घेतलं. ते मागायला प्रल्हाद स्वतः तिच्या वर्गात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, तू बरोबर होतीस. रचनाला आनंद व्हायला हवा होता. पण तिने विचारलं, "सर, मग त्या बाई वर्षभर आतच होत्या?" या पोरीला आर्किटेक्ट न होता वकील व्हायला हरकत नव्हती.

काँक्रीट ओलं असताना मी कुणालाही त्यावर चाक घालू देणार नव्हते. आठवडाभर पाणी मारायचंच. त्या आठवड्यात ग्रेसीचं खाणं सुटल्याची बातमी आली. प्रल्हाद एव्हरशाईन सिटीतल्या घरून रोज सकाळी कॉलेजच्या आधी पापडीला जाऊन स्वतः पाणी मारायचा आणि मला फोन करायचा, "आता पुरे ना?" मी नाही म्हणायचे. मलाही वाईट वाटत होतं, पण तडकलेल्या उतारावरून ती पडली असती तर?

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आम्ही निघालो. क्लेमेंटीन मावशीने ठेवणीतली साडी नेसली होती, केस घट्ट बांधले होते. मागच्या दारातून ती स्वतः चाकं फिरवत उतरली. प्रल्हाद मागून खुर्ची धरून होता, तिने त्याला हात काढायला लावला. विहिरीला वळसा घालून ती रस्त्यावर आली आणि तिथे थांबून चर्चकडे बघत राहिली. लोक मिस्साहून परतत होते, दर दहा पावलांवर कुणीतरी थांबून तिचा हात हातात घेत होतं. ती हसत होती, रडत होती, कुणाच्या तरी सुनेला जाडी झालीस म्हणत होती. प्रल्हादचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. मी त्याला चिडवलंसुद्धा, की आता तरी जेव नीट.

मग आम्ही ग्रेसीच्या घराशी पोचलो.

तिचंही घर जुनं. तिचंही जोतं उंच. पुढे दगडी पायऱ्या, आणि मागे शेजाऱ्याची भिंत भिडलेली.

मी प्रल्हादकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. जन्मभर दारं शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलंच नव्हतं, की जिथे जायचं त्या घरालाही दार असतं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, पण मी काही तो विषय शिकवत नाही.

ग्रेसीची सून जीना ओटीवर आली. "आंटी!" म्हणाली आणि पायऱ्या बघून तिथेच थबकली. आतून अस्पष्ट घरघर ऐकू येत होती.

"ग्रेसे, मी आले गो," क्लेमेंटीन मावशी खालून ओरडली. आतली घरघर थांबली, मग अजून जोरात सुरू झाली.

"मी फळ्या आणतो," प्रल्हाद म्हणाला. "उद्या... नाही, आज संध्याकाळपर्यंत काहीतरी करतो मावशी. मला एकदा माप घेऊ द्या."

"नको," ती म्हणाली. तिने आळीत एकदा इकडेतिकडे बघितलं. मिस्साहून परतणारी माणसं अजून रस्त्यात होती, काही थांबलीही होती. तिने पदर कमरेला घट्ट खोचला आणि दोन्ही हात वर केले.

"उचला, सर."

प्रल्हाद वाकला. त्याने तिला उचललं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते, आणि वर पोचेपर्यंत ते उघडले नाहीत. मी मागून तिची साडी सावरत होते. शेवटच्या पायरीवर प्रल्हाद रडवेल्या आवाजात म्हणाला, "मावशी, माफ करा मला."

"ते मागाहून बघू," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आधी आत न्या."