धाकू केळुसकरांना येणारे फोन

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, माझ्या समोरच्याच दारात, लवू केळुसकर राहतात. त्या दाराला आतून तीन कड्या आहेत. चोवीस वर्षांच्या शेजारात त्यांनी माझ्याकडून वाटीभर साखर एकदाच घेतली, तीसुद्धा दारात उभं राहून, चिमूटभर जिभेवर ठेवून मग. मीठ निघालं तर, म्हणाले. वाटी त्यांच्या डोक्यावर उपडी करावी असं मला वाटलं होतं, पण आतून त्यांची बायको वनमाला माझ्याकडे बघून हात जोडत होती, म्हणून गप्प बसले.

त्यांना असं घडवलं ते जकात नाक्याने. सव्वीस वर्षं ते मुलुंडच्या नाक्यावर होते. ट्रकवाला म्हणायचा कांदा, आणि लवूभाऊ पोत्यांच्या थप्पीत लांब सळई खुपसायचे. सळई अर्ध्यात अडली की कांद्याखाली पंखे. तपासलेल्या गाडीवर ते खडूने खूण करायचे आणि खडूचा रंग दर आठवड्याला बदलायचे, म्हणजे कोणी जुनी खूण दाखवून निसटायला नको. पुढे जकात बंद झाली, नाका ओस पडला, भाऊ घरी बसले. सळई मात्र त्यांच्या हातातून सुटली नाही. ट्रक नाहीत तर फोन.

फोनवरच्या माणसांसाठीही त्यांनी खडूचे रंग काढले होते. कुठेही फॉर्म भरायचा झाला की ते स्वतःचं नाव द्यायचेच नाहीत. चष्म्याच्या दुकानात नंदकिशोर, पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे जयंतीलाल. मॉलमध्ये वनमालाने हट्टाने लकी ड्रॉचं कूपन भरायला लावलं, बक्षीस दोघांना क्रूझची सहल, तेव्हा त्यावर त्यांनी आपल्या आजोबांचं नाव टाकलं. धाकू केळुसकर. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

"वैनी, आपला नंबर कोण विकतो ते कळायला नको?" मला म्हणाले. "ज्या नावाने फोन, तो चोर."

चौथ्या दिवशी फोन आला. "मिस्टर धाकू बोल रहे हैं?" भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी मला बोलावून फोन स्पीकरवर टाकला. फोन ते नेहमी स्पीकरवरच घेतात, साक्षीदार हवा म्हणून. मुलगी बिचारी गोड आवाजात समुद्र, नाच, पाच वेळचं जेवण सांगत होती. भाऊंनी विचारलं, जहाज कुठल्या देशात नोंदवलंय? नंबर काय? कप्तानाचं नाव? बुडालं तर होड्या किती आणि माणसं किती? मुलीने फोन ठेवला. "बघितलंत? माल खोटा," भाऊ म्हणाले.

मग रोजचंच झालं. धाकूंना मेलसुद्धा यायला लागल्या. 'धाकूजी, फक्त चार केबिन उरल्या आहेत.' तीन महिने चारच उरल्या होत्या. भाऊ मेल उघडत नसत. मोबाईल हातभर लांब धरून, नुसती वरची ओळ वाचून, पुसून टाकत.

हे सगळं मी हसत सांगितलं असतं, पण त्यांचा मुलगा खरोखरच एका क्रूझवर नोकरीला आहे. सौरभ. जहाजाच्या किचनमध्ये पाव भाजतो. ही नोकरी लागली तेव्हा भाऊ त्याच्या एजंटच्या अंधेरीच्या ऑफिसात गेले आणि तीन तास उलटतपासणी घेत बसले. एजंटने वैतागून सौरभचे कागद परत केले. पोराने पुन्हा पाय धरून ते लावून घेतले. निघायच्या दिवशी तो दारात बापाला म्हणाला, "तुमचा कशावरच विश्वास नाही, बाबा. माझ्यावर पण नाही." जिना उतरून गेला. त्याला आता दहा महिने झाले होते. आईला मेसेज यायचे, बापाला नाही. भाऊ तोंडाने काही बोलत नसत, पण वनमालाच्या मोबाईलवरचे ते मेसेज ती झोपली की वाचत, हे तिनेच मला सांगितलं.

तर जानेवारीत त्याचं जहाज एका दिवसासाठी मुंबई बंदरात लागणार होतं. त्याला बाहेर पडायला सुट्टी नव्हती, पण आईवडिलांना आत घेता येणार होतं, दोन तास. ऑफिसकडून मेल येईल, त्यात नावं भरा, असा त्याने आईला मेसेज केला. वनमालाने भाऊंना सांगितलं. भाऊंनी त्या दिवसापासूनच जायचा शर्ट बाजूला काढून ठेवला, पांढरा, बारीक निळ्या रेघांचा. मला म्हणाले, "एकदा बघून येतो. सगळं बघतो. आणि बरं चाललंय असं सांगतो त्याला." एवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मेल आली असणारच. ती त्या चार केबिनांच्या गर्दीत पुसली गेली.

मग फोन आला. मी तेव्हा तिथे नव्हते, वनमाला स्वयंपाकघरात होती. बाईने क्रूझ म्हटलं, जहाज बघायला या म्हटलं, पैसे नाहीत म्हटलं, आणि वर म्हणाली, "आप सौरभ के पापा ना?" भाऊंच्या मनात पाल चुकचुकली. फुकट जहाज दाखवतो म्हणणारा एक फोन गेल्याच आठवड्यात येऊन गेला होता. आता तर पोराचं नाव काढलंय ह्यांनी! मुलाचं नाव घेऊन बापाला फसवायचे किस्से रोज ऐकू येतात. त्यांनी ठरवलं, हिला खूण करून सोडायची. नाव सांगितलं, धाकू केळुसकर. वय ब्याऐंशी. आधारचा नंबर मनाने रचला.

सौरभचं नाव ऐकून वनमाला पिठाचे हात घेऊन बाहेर आली, फोनवर ओणवी झाली आणि आपलं नाव, वय, आधारचा नंबर, सगळं खरं खरं धडाधडा सांगून मोकळी झाली.

"गो, कशाक दिलंस सगळा?" भाऊ ओरडले.

"झिलाचा नाव घेतल्यान तिना," वनमाला म्हणाली.

"तीच तर युक्ती!"

दोन दिवस त्या घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी सौरभचा मेसेज आला, दोन्ही नावं ऑफिसला मिळाली, आता रेंजमध्ये नसेन, शनिवारी अकरा वाजता आधार घेऊन गेटवर या. वनमालाने तो मला वाचून दाखवला, तेव्हा भाऊ बाजूलाच बसले होते. त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. मला वाटलं, भरून आलं असेल.

त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी त्या नंबरवर गुपचूप पंधरा वेळा फोन लावला. लागत नव्हता. मेल शोधली, ती पुसलेली. बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. आणि मनात कुठेतरी ताठा होताच: सव्वीस वर्षं नाका चालवलेला माणूस गेटवर कसा अडकेल? बोलून बघू.

शनिवारी मी टॅक्सी बुक केली आणि सोबत गेले. ड्रायव्हरचा चेहरा मोबाईलमधल्या फोटोशी दोनदा ताडून मगच भाऊ बसले. बंदराच्या गेटवर जवानाने यादीवर बोट फिरवलं. वनमाला केळुसकर, ठीक. पुढे त्याचं बोट थांबलं.

"ये धाकू कौन है?"

"मेरा दादा," भाऊ म्हणाले.

"कहाँ है?"

"गुजर गया."

जवानाने त्यांच्याकडे असं बघितलं की मला शरमेने मेल्यासारखं झालं. भाऊ बोलले. नाका सांगितला, नोकरी सांगितली, आधार, पॅन, पेन्शनचं कार्ड, मुलाचा फोटो, सगळं पुढे केलं. जवान सगळं शांतपणे बघत होता आणि मान हलवत होता. शेवटी भाऊंनीच कागद गोळा केले. "बरोबर आहे त्याचं, वैनी," मला हळूच म्हणाले. "मीपण सोडलं नसतं."

वनमालाला आता सगळं कळलं. तिच्या जागी मी काय केलं असतं ते मला लिहवत नाही.

"तू जा गो," भाऊ म्हणाले. "पोर वाट बघत आसतला."

ती गेली. आम्ही दोघं फुटपाथवर उभे राहिलो. तेव्हा त्यांनी मला ते पंधरा फोन सांगितले. मी चिडले, तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेडच्या पत्र्यांवरून जहाजाचा वरचा भाग दिसत होता, पांढरा, खिडक्याच खिडक्या. भाऊ त्या मोजत होते की काय कोण जाणे.

दीड वाजता वनमाला बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण चेहरा उजळला होता. "बरो आसा," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्यांना ताप आलाय म्हणून सांगितलं मी त्याला." मी टॅक्सी बघायला मोबाईल काढला, तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. सौरभ होता. दहा महिन्यांत पहिल्यांदा बापाच्या नंबरावर. भाऊंनी सवयीने स्पीकर लावला.

"बाबा, ताप कसा आहे?"

वनमाला खुणेने सांगत होती, उतरला म्हणा, उतरला.

"ताप नाही रे," भाऊ म्हणाले. "गेटवरच आहे मी. सकाळपासून. तुझ्या ऑफिसचा फोन आलेला, मला वाटलं चोर. खोटं नाव दिलं. म्हणून आत नाही सोडलं."

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"जहाज दिसतं इथून," भाऊ म्हणाले. "मोठं आहे, सौरभ. चांगलं आहे."

"किती दिसतं?"

"वरचे तीन मजले."

"मी खाली असतो, बाबा. पाण्याच्या खाली. आमच्याकडे खिडकी नाही."

"असू दे," भाऊ म्हणाले. "तू कर तुझं काम. मी इथेच उभा आहे."

जहाज साडेपाचला सुटलं. तोपर्यंत ते तिथून हलले नाहीत, आणि मी टॅक्सी तीनदा कॅन्सल केली.