पहिल्या ढेकळाचं पाणी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली.

लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. आमच्याकडे त्या दिवशी चार ढेकळांवर पाण्याची घागर ठेवतात. एकेक ढेकूळ पावसाच्या एकेका महिन्याचं. सकाळी जे जास्त भिजलेलं दिसेल, त्या महिन्यात पाऊस जास्त. सकाळी झाडताना माझा धक्का लागला, पाणी सांडलं आणि ज्येष्ठाचं पहिलं ढेकूळ विरघळलं. भीतीनं मी कोणाला बोललेच नाही.

सासरे खूश झाले. "यंदा जेठातच पाणी! लोकाइले बसू द्या आभाळाकडे पाहत," म्हणाले आणि त्यांनी कोरड्या मातीत सरकी पेरली.

मुंग्यांनी अंडी हलवली का, चंद्राला खळं पडलं का, पावसाची हीच लक्षणं मी रोज पाहत होते. एकदा शिंतोडे आले, कोंब फुटले आणि उन्हात जळाले.

शेवटी विहिरीवर सासूबाईंना रडत सांगितलं. मारतील असं वाटलं. त्या पोहरा वर ओढत म्हणाल्या,

"बुढ्याले सांगू नोको. तो त्या घागरीले देव मानते. पुन्हा पेराले सरकीचे पैसे मी भावाकडून आणीन, फेडजो मात्र तू."

दिवाळीनंतर मी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. मजुरी सासूबाईंच्या हातात देत गेले. संक्रांतीला त्या माहेराहून परतल्या आणि चुलीपाशी येऊन हळूच म्हणाल्या, "फिटले सारे."