तर्जुमाबाईंचा पत्ता

काशीला चाललेय म्हणाल्या असत्या, तर आमच्या ऑफिसनं त्यांना हार घातला असता. शाल, नारळ आणि डोळे पुसत केलेली दोन भाषणं. पण तर्जुमाबाईंना सोयीचं खोटं बोलता येत नसे. राजीनाम्याचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या, “बघायला चाललेय.” काय बघायला? “दिसंल ते.” पन्नाशीला आलेली, एकटी बाई परभणीतली सरकारी नोकरी सोडते आणि ती नुसतं बघायला जाते, हे लोकांना एखाद्या गुन्ह्यासारखं वाटलं. त्या लोकांचा मला आजही राग येतो.

तर्जुमा म्हणजे भाषांतर. निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत, तेही शिकस्ता वळणात, म्हणजे घाईघाईनं अक्षरं मोडून लिहिलेले. छापील उर्दू वाचणारे शहरात पुष्कळ होते, पण हे मोडकं अक्षर सरळ वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यांचे वडील वकिलाकडे कारकून होते, त्यांनीच लेकीला शिकवलेलं. बाई कागद डोळ्यांपासून चार बोटांवर धरत आणि पुटपुटत वाचत. एखादा शब्द अडला की कागद बाजूला ठेवून म्हणत, “राहू दे, लाजायलाय तो. उद्या बोलंल.” दुसऱ्या दिवशी तो बहुधा लागायचा.

पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. ऑफिसातले सगळे त्या पेन्शनसाठी असे हळहळत, जणू ती त्यांच्याच घरी येणार होती. हेडक्लार्क म्हणाले, “बाई, दोन वर्षं कळ काढा. मग जा कुठं जायचं ते.” बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दोन वर्षांनी माझे डोळे असेच राहतील, असं लिहून देता का साहेब?” शिकस्तानं त्यांची नजर पार खाल्ली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कारण आमचेच कागद होते ते. तरी एकालाही शरम वाटली नाही.

त्या गेल्या, पण काम सोडलं नाही. ऑफिसलाही दुसरं कुणी मिळेना, म्हणून कागदामागे पैसे ठरले. एक पत्र्याची पेटी, दौत-टाक, जाड शब्दकोश आणि दोन लुगडी. महिन्या-दोन महिन्यांनी मला पोस्टकार्ड यायचं, ‘पुढचे वीस दिवस विजापूर. कागद तिथल्या पोस्टमास्तरांच्या मार्फत पाठवावेत.’ मी झेरॉक्स काढून रजिस्टरनं पाठवायचो. त्या कुठल्या तरी धर्मशाळेच्या ओसरीवर बसून तर्जुमा करायच्या आणि उलट टपाली धाडायच्या. सोबत चार ओळी असत. ‘आज समुद्र पाहिला. उगीचच भीती घालून ठेवली होती लोकांनी.’ एकदाही कागद हरवला नाही. ऑफिसात समोरच्या खुर्चीवर असताना जेवढा वेळ लागायचा, त्याहून लवकर काम यायचं.

तरी कुरकुर थांबली नाही. साहेब महिन्याला दहा दिवस फिरतीवर. जीप, भत्ता, वाटेत कुणाच्या तरी मळ्यात जेवण. त्याला कामाचा व्याप म्हणायचं. बाई स्वतःच्या पैशानं फिरत आणि काम चोख पाठवत, तर तिला घर नाही, दार नाही, बाईमाणसाला शोभतं का. बोलणाऱ्यांत बायकाही होत्या, हे जास्त लागतं. भावानं तर निरोप धाडला, आमच्या पत्त्यावर तुझं पत्रसुद्धा येऊ देऊ नको.

तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. ऑफिसात चहाला कोण कुणाशेजारी बसतं, यावरून माणसाची बाजू ठरत होती. पेडगावच्या पुंजाजींचा कागद त्या दिवसांतला. पुंजाजी बौद्ध. त्यांच्या बापानं निजामाच्या वेळी तीन एकर रीतसर विकत घेतले होते. शेजारचा आता म्हणत होता, ते नुसतं कसायला दिलेलं होतं. पुंजाजींकडे पुरावा एकच, उर्दू खरेदीखत. मी ते बाईंना पुरीला पाठवलं. ओळ न् ओळ लावून तर्जुमा आला. खाली सही, आणि ‘राहणार’च्या पुढे लिहिलेलं, ‘सध्या पुरी, पुढे ठरलेले नाही.’

हेडक्लार्कनी तो कागद दोन बोटांत धरून परत केला. आजवर कुणी न विचारलेली अट निघाली, भाषांतर करणाऱ्याला कायमचा पत्ता पाहिजे, आणि बाईंनी समक्ष येऊन सही करावी. सुनावणी दहा दिवसांवर होती. मी तार केली. बाई तीन दिवस गाड्या बदलत आल्या आणि स्टेशनवरून थेट ऑफिसात. त्यांना दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मग हेडक्लार्क म्हणाले, “माणूस कुठला तरी राहणारा असावा लागतो, बाई.”

“भावाला विचारलं इष्टेशनावरून फोन करून. नको म्हणाला,” बाई म्हणाल्या. “तुमचा पत्ता देता का?”

ते हसले. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बाईंनी विचारलं, त्यांनी फायलीत डोकं घातलं. पुंजाजी दाराशी उभे होते. ते आत आले.

“बाई, माजा लिवा की. घर हाय, अंगण हाय, पोस्टमन येतो. आजून काय लागतंय पत्त्याला?”

बाईंनी टाक उचलला आणि पुंजाजींचं नाव, त्यांची बौद्ध वस्ती, पेडगाव असं ठळक अक्षरात लिहिलं. हेडक्लार्कच्या कपाळावर आठ्या चढल्या. “बाई, तुम्ही कुठल्या घरच्या, जरा विचार करा.”

“केला,” बाई म्हणाल्या. “त्या घरच्यांनी नको म्हटलंय. हे या म्हणायलेत.”

कागद घ्यावाच लागला. तीन एकर पुंजाजींकडे राहिले. बाई पेडगावला दोन रात्री राहून पुन्हा निघाल्या. पुढे जवळजवळ दहा वर्षं त्यांच्या प्रत्येक तर्जुम्याखाली तोच पत्ता असायचा.

त्या दक्षिणेत कुठल्याशा धर्मशाळेत तापानं गेल्या. तार अर्थातच पेडगावला आली. पुंजाजी लेकाला घेऊन दीड दिवस प्रवास करून गेले, सगळं केलं, पेटी घेऊन आले. मी भावाच्या घरी जाऊन कळवलं, तर त्यानं विचारलं, पेटीत काय निघालं? उतरताना त्याच्या जिन्यात उभा राहून मी त्याला शिव्या घातल्या. त्याला ऐकू जाणार नव्हत्या, म्हणून घातल्या.

अर्धवट राहिलेले कागद परत करायला पुंजाजी ऑफिसात आले. मी त्यांना बसवलं आणि तोंड सोडलं. भाऊ, हेडक्लार्क, शेजारची टेबलं, कुणाला सोडलं नाही. एका बाईला पत्ता देता आला नाही यांना, म्हणालो. पुंजाजींनी कागद माझ्या टेबलावर नीट लावून ठेवले.

“साहेब, मी इचारलं व्हतं बाईला. त्या दिवशी तुमी बी तितंच बसला व्हता, तुमचं घर बी इष्टेशनाजवळ. म्हनलं, मंग त्याह्यला का न्हाई इचारलं? तर म्हनल्या, त्यो चांगला हाय. न्हाई म्हनताना त्याला लय जड गेलं असतं.”

माझ्या घरात तीन खोल्या होत्या आणि दारावर नावाची पाटी होती. पुंजाजींसारख्यांसाठी वेगळी कपबशीही होती, फडताळात वरच्या खणात. बाईंनी त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं नाही, तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं ज्यांच्यावर मी दात खात आलो, त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांना बाईंनी विचारलं होतं.