पितृपक्षात बघितलेला लॅपटॉप

"पितृपक्ष चालू आहे. आज लॅपटॉप फक्त बघून ये, घेऊ नकोस," आईने सकाळी बजावलं. मी हे मानत नाही, पण वाद नको म्हणून हो म्हटलं.

कॉलेज रोडवरच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. सेल्समन म्हणाला, "बसा मॅडम निवांत. सध्या कोणी येत नाही."

माझं काम अनुवादाचं, म्हणून रिव्ह्यू वाचून पक्क्या केलेल्या लॅपटॉपवर तासभर टाइप करत बसले. त्याची कड मनगटांना रुतायला लागली. शेजारचा साधा लॅपटॉप हाताला बरा वाटला.

तो दसऱ्याला घेईन. पण आज न बघता थेट दसऱ्याच्या गर्दीत गेले असते, तर मनगटाला रुतणाराच घरी आणून त्याला हार घातला असता.

घ्यायचा मुहूर्त सगळेच बघतात. नीट बघायला तुम्ही कधी जाता?